सीपीयू अडकला खरा, पण अडकवला कुणी? लिनक्स कर्नलचा वॉचडॉग: लावणं, तपासणं, वाचणं

सर्व्हर पिंगला उत्तर देतोय, पण एसएसएच काही लागत नाही. कन्सोल उघडून बघावं तर थोड्या थोड्या वेळाने तीच ओळ खाली सरकतेय: ‘वॉचडॉग: बग: सॉफ्ट लॉकअप - सीपीयू#३ स्टक फॉर २२एस!’ आणि पुढे चौकोनी कंसात एका प्रोसेसचं नाव. माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी त्या कंसातल्या नावामागे दोन दिवस घालवले. बॅकअपची साधी प्रोसेस होती. तिचा गुन्हा एवढाच की दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवलेल्या लॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी) ती रांगेत उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

म्हणून वॉचडॉग, म्हणजे सीपीयू अडकला की इशारा देणारा कर्नलमधला पहारेकरी, चालू करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. तो भुंकला की त्या क्षणी बाकीचे कोअर (म्हणजे सीपीयू) काय करत होते हे हाती लागलं पाहिजे, आणि खरी तयारी लागते ती त्यासाठी.

एक सूचना आधीच. फाइलींची आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची, आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर.

पहारा नक्की कसा चालतो

लॉकअप दोन प्रकारचे. सॉफ्ट लॉकअपमध्ये सीपीयू कर्नलच्या कोडमध्ये इतका गुंततो की शेड्युलरला (कुणाला कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाला) दुसरं काम आत घुसवताच येत नाही. इंटरप्ट (हार्डवेअरचे तातडीचे निरोप) मात्र येत असतात, म्हणूनच तर पिंगला उत्तर मिळतं. हार्ड लॉकअपमध्ये त्या सीपीयूवर इंटरप्टसुद्धा बंद असतात. बाहेरून बघाल तर तो कोअर मेलेलाच.

यंत्रणेचा पाया आहे वॉचडॉग थ्रेश हा एक आकडा. तो मूळचा १० सेकंद असतो. हार्ड लॉकअपची मर्यादा तेवढीच, सॉफ्टची त्याच्या दुप्पट म्हणजे २० सेकंद. प्रत्येक सीपीयूवर एक हाय-रिझोल्यूशन टायमर लागलेला असतो आणि तो त्या २० सेकंदांच्या पाचव्या हिश्शाने, म्हणजे दर ४ सेकंदांनी वाजतो. वाजला की दोन कामं करतो: एक मोजणी एकाने वाढवतो, आणि त्याच सीपीयूच्या स्टॉपर थ्रेडला ‘येऊन वेळेची नोंद कर’ असा निरोप देतो. स्टॉपर हा शेड्युलरमधला सर्वांत वरचा वर्ग, त्याच्यापुढे रिअल-टाइम टास्कसुद्धा थांबतात. त्यालाही २० सेकंदांत संधी मिळाली नाही, तर शेड्युलरच ठप्प आहे असं धरायला हरकत नाही. नोंद शिळी झाल्याचं टायमरच्या पुढच्या एखाद्या फेरीत दिसतं आणि संदेश छापला जातो.

आता त्या २२ सेकंदांचं कोडं. मर्यादा २० ची, मग संदेशात नेमके २२, २३ किंवा २६ च का दिसतात? कर्नल इथे नॅनोसेकंदांना एक अब्जाने भागत नाही, ३० बिटांनी उजवीकडे सरकवतो, कारण ते स्वस्त पडतं. २ चा ३० वा घात एक अब्जापेक्षा थोडा मोठा, म्हणून वॉचडॉगचा ‘सेकंद’ खऱ्या १.०७ सेकंदांचा होतो. टायमर पाचव्यांदा वाजतो तेव्हा खरे २० सेकंद झालेले असतात, पण हिशेबात १८.६ च. सहाव्या फेरीत खरे २४ आणि हिशेबात २२.३५. सातवीत २८ आणि २६. म्हणजे ‘२२एस’ वाचलंत की प्रत्यक्षात जवळपास २४ सेकंद गेलेत असं समजा. इतर लॉगांशी वेळ जुळवताना हे दीड-दोन सेकंद नडतात. जुन्या कर्नलांमध्ये प्रत्येक इशाऱ्यानंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे तासभर अडकलेला कोअरही दर वेळी २२ च सांगायचा. ५.१३ पासून एकूण वेळ वाढत गेलेली दिसते.

हार्ड लॉकअपला टायमर उपयोगाचा नाही, कारण इंटरप्टच बंद. तिथे लागतो एनएमआय, म्हणजे अडवता न येणारा इंटरप्ट. एक्स८६ वर तो परफॉर्मन्स काउंटरकडून येतो: १० सेकंदांत होतील तितक्या सायकल मोजायच्या (३ गिगाहर्ट्‌झच्या कोअरवर ३० अब्ज) आणि एनएमआय फेकायचा. त्याचं काम एकच, टायमरची मोजणी गेल्या वेळेपेक्षा वाढली आहे का हे बघणं. नसेल वाढली तर हार्ड लॉकअप. याची किंमत म्हणजे प्रत्येक कोअरवरचा एक हार्डवेअर काउंटर कायमचा अडकून राहतो. परफ हे कामगिरी मोजायचं टूल वापरणारे हा वॉचडॉग बंद करून ठेवतात तो याचसाठी, आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करायला विसरतात.

ज्या प्रोसेसरांवर असा एनएमआय सहज मिळत नाही (बरेच आर्म त्यात आले), त्यांच्यासाठी ६.५ पासून ‘बडी’ पद्धत आहे. प्रत्येक सीपीयू आपल्या शेजाऱ्याची मोजणी बघतो, टायमरच्या दर तिसऱ्या फेरीला. काउंटर वाचतो. पण अडकलेल्या कोअरला एनएमआय पाठवायची सोय नसेल तर त्याचा बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी) मिळत नाही, आणि सगळे कोअर एकदम गोठले तर सांगायला शेजारी कुणी उरत नाही.

दोन गोष्टींची यात गल्लत होते. युजर प्रोग्रॅममधला अनंत लूप कोअर १०० टक्के खाईल, पण तो लॉकअप नव्हे, कारण कर्नल त्याला केव्हाही बाजूला सारू शकतो. आणि डिस्कची वाट बघत डी स्टेटमध्ये बसलेली प्रोसेस हाही लॉकअप नव्हे. तिच्यासाठी हंग टास्क नावाचा वेगळा पहारेकरी आहे, त्याची मर्यादा सहसा १२० सेकंद. आरसीयू (लॉकशिवाय डेटा वाचायची कर्नलची पद्धत) स्टॉलचा इशारा (बहुतेक ठिकाणी २१ सेकंद) मात्र लॉकअपच्या आगेमागेच येतो. दोन्ही दिसले तर दोन आजार समजू नका.

पायरी पहिली: चालू काय आहे ते बघा

बूट फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सॉफ्टलॉकअप डिटेक्टर’ आणि ‘हार्डलॉकअप डिटेक्टर’ या दोन ओळींपुढे (त्या मात्र मोठ्या अक्षरांत असतात) वाय आहे का बघा. मग सिसकंट्रोल या कर्नलची सेटिंगं दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या कमांडने कर्नलखालची ही चार मूल्यं वाचा: वॉचडॉग, सॉफ्ट वॉचडॉग, एनएमआय वॉचडॉग आणि वॉचडॉग थ्रेश. पहिली तीन १ आणि शेवटचं १० असेल तर पहारा चालू आहे.

एनएमआय वॉचडॉग ० दिसला तर लगेच कुणावर संशय घेऊ नका. लिनक्सच्या केव्हीएमवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तो मुळातच बंद ठेवलेला असतो. हवा असेल तर बूट ओळीत (बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत) ‘एनएमआय वॉचडॉग = १’ द्यायचं. पण होस्टने व्हर्च्युअल पीएमयू (परफॉर्मन्स काउंटर ज्यात असतात तो भाग) दिलेला नसेल तर तरीही चालणार नाही, आणि बूट लॉगमध्ये तो कायमचा बंद केल्याची ओळ सापडेल. बूट ओळीत कुणी ‘नोवॉचडॉग’ लिहून ठेवलंय का तेही बघाच. बॅटरी वाचवण्याच्या टिपा वाचून लॅपटॉपवर टाकलेली ही ओळ कॉपी-पेस्ट होत सर्व्हरवर पोचलेली मी पाहिली आहे.

वॉचडॉग सीपीयूमास्क हे मूल्य फारसं कुणी बघत नाही. ‘नोहर्ट्‌झ फुल’ हा कोअरवरची नियमित टायमर-टिक थांबवणारा पर्याय लावून काही कोअर वेगळे काढले असतील तर पहारा त्या कोअरवर आपोआप लागत नाही. नेमका तिथेच घोळ झाला तर इशाऱ्याची वाट बघत बसाल.

पायरी दुसरी: मर्यादा ठरवा

थ्रेशला ० ते ६० पर्यंत काहीही देता येतं, ० म्हणजे पहारा बंद. प्रत्यक्ष हार्डवेअरवर १० ला हात लावू नये असं माझं मत. कर्नलमध्ये २० सेकंद सलग चालावं असं कुठलंच प्रामाणिक काम नसतं. ‘इशारे फार येतात’ म्हणून ६० करणारे लोक थर्मामीटर फोडून ताप घालवतात.

व्हर्च्युअल मशीनची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

कायम ठेवायची मूल्यं ईटीसीखालच्या सिसकंट्रोल-डॉट-डी फोल्डरात स्वतःची फाइल करून लिहा, म्हणजे रीबूटनंतर टिकतात. मी साधारण असं ठेवतो: थ्रेश १०, हार्डलॉकअप पॅनिक १ (लॉकअप दिसला की पॅनिक, म्हणजे कर्नल सगळं काम थांबवतो), सॉफ्टलॉकअप पॅनिक चाचणीच्या मशीनवर १ आणि बाकीकडे परिस्थिती बघून, आणि कर्नल-डॉट-पॅनिक १०. शेवटचं विसरू नका. ते ० असेल तर पॅनिकनंतर मशीन तसंच पडून राहतं. १० असेल तर दहा सेकंदांनी स्वतःहून रीबूट होतं.

सॉफ्टलॉकअप ऑल सीपीयू बॅकट्रेस हे मूल्य १ केलं की इशाऱ्यासोबत सगळ्या कोअरचे बॅकट्रेस छापले जातात. खरा चोर सापडतो तो इथेच, तेव्हा हे चालू हवं. फक्त सीरियल कन्सोल असेल तर आधी हिशेब करा. १,१५,२०० बॉडवर सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात. एका कोअरचा ट्रेस ३ हजार अक्षरांचा धरला तरी ६४ कोअरचे १ लाख ९२ हजार, म्हणजे सुमारे १७ सेकंद नुसतं छापणं. तेवढ्या वेळात छापणाराच अडकतो आणि त्याच्या नावाने नवा लॉकअप नोंदला जातो! अशा मशीनवर कन्सोलची लॉगलेव्हल उतरवा, म्हणजे ट्रेस लॉग बफरमध्ये जातील आणि सीरियलवर फक्त गंभीर ओळी येतील.

पायरी तिसरी: मुद्दाम अडकवून बघा

न तपासलेला वॉचडॉग भिंतीवर रंगवलेल्या कुत्र्यासारखा. चाचणीसाठी एक व्हर्च्युअल मशीन घ्या, किमान चार सीपीयू द्या, आणि होस्टचा सीपीयू जसाच्या तसा दाखवा, म्हणजे पीएमयू मिळेल. प्रॉडक्शनवर यातलं काहीही करू नका. पुढच्या बहुतेक चाचण्यांतून परत यायचा एकच रस्ता आहे, रीसेट.

कर्नलमध्ये एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे, मुद्दाम मोडतोड करून बघण्यासाठीच लिहिलेलं. ते लोड केलं की डीबगएफएस या डीबगिंगच्या आभासी फाइल सिस्टिममध्ये ‘प्रोव्होक-क्रॅश’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘डायरेक्ट’ नावाची फाइल दिसते. तिच्यात रूट म्हणून एको कमांडने ‘सॉफ्टलॉकअप’ हा शब्द लिहा (हा शब्द आणि फाइलचं नाव मात्र मोठ्या अक्षरांत). प्रीएम्प्शन (चालू काम मधेच बाजूला सारणं) बंद करून तो कोअर अनंत लूपमध्ये शिरेल. दुसऱ्या शेलमध्ये डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) फॉलो करत बसा, अर्ध्या मिनिटाच्या आत ती ओळ यायला हवी. रीबूट करा आणि ‘हार्डलॉकअप’ लिहून बघा. आता इंटरप्ट बंद. एनएमआय वॉचडॉग नीट चालत असेल तर १० ते २० सेकंदांत ‘वॉचडॉग डिटेक्टेड हार्ड लॉकअप’ दिसेल. नाही दिसलं तर पहिल्या पायरीकडे परत.

स्वतः मॉड्यूल लिहून बघायचा मोह झाला तर दोन खड्डे लक्षात ठेवा. पूर्ण प्रीएम्प्शन असलेल्या कर्नलवर साधा लूप लॉकअप देतच नाही, आधी प्रीएम्प्शन बंद करावं लागतं. आणि इंटरप्ट बंद करून ‘जिफीज (कर्नलची टिक-मोजणी) ३० सेकंदांनी पुढे जाईपर्यंत थांब’ असं लिहिलंत, तर एका सीपीयूच्या मशीनवर ते कधीच संपत नाही, कारण जिफीज पुढे ढकलणारा टायमर तुम्हीच बंद केलेला असतो. तिथे एमडिले हे फंक्शन वापरून मोजा.

सगळ्यात शिकवणारी चाचणी तिसरी आहे, ती चुकवू नका. एका शेलमधून त्याच फाइलीत ‘स्पिनलॉकअप’ लिहा. फार काही होत नाही. फार तर अ‍ॅटॉमिक (म्हणजे मधे थांबायला मनाई असलेल्या) अवस्थेत शेड्युलिंग झाल्याची तक्रार येईल. आता दुसऱ्या शेलमधून तोच शब्द पुन्हा लिहा. हा शेल अडकतो, आणि थोड्या वेळाने याच्याच पीआयडीसकट सॉफ्ट लॉकअपची ओळ येते. ट्रेसमध्ये वरचं फंक्शन दिसतं ते ‘स्पिन लॉक स्लोपाथ’ने संपणारं, म्हणजे लॉक मिळेपर्यंत फिरत थांबण्याचा कोड. झालं काय? पहिल्याने लॉक घेतला आणि न सोडताच निघून गेला. दुसरा बिचारा दारात उभा. वॉचडॉगने नाव छापलं ते दारात उभ्या असलेल्याचं. माझी बॅकअपची प्रोसेस नेमकी अशीच पकडली गेली होती.

पायरी चौथी: पुरावा टिकवा

मशीन गोठलं की जर्नल (सिस्टिमचा लॉग) डिस्कवर पोचेलच याची खात्री नाही, बरेचदा पोचत नाहीच. म्हणून केडंप लावा, तो पॅनिकच्या वेळची मेमरी साठवून ठेवतो. बूट ओळीत ‘क्रॅशकर्नल = २५६एम’ देऊन मेमरी राखून ठेवा (मोठ्या मशीनला जास्त लागते), सर्व्हिस चालू करा, रीबूट करा, आणि सिसएफएसच्या कर्नल फोल्डरातली ‘केएक्सेक क्रॅश लोडेड’ फाइल १ दाखवते का बघा. मग सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीच्या) सी अक्षराने एकदा मशीन खरोखर पाडा आणि डंप तयार होतोय याची डोळ्यांनी खात्री करा. डंपची जागा भरलेली निघाल्याचं खऱ्या अपघाताच्या रात्री कळणं फार महागात पडतं.

डंप हाती आला की क्रॅश नावाच्या टूलमध्ये उघडा. त्यासाठी त्याच आवृत्तीची डीबग माहिती असलेली कर्नल इमेज लागते. आधी लॉग बघा, मग सगळ्या सीपीयूंचा बॅकट्रेस. पॅनिक नको असेल आणि एखादा शेल जिवंत असेल तर सिसआरक्यूचं एल अक्षर चालू कोअरचे बॅकट्रेस लगेच देतं. रीबूट व्हायच्या आत तेवढं तरी काढून ठेवा.

मशीनवर आधी कधी सॉफ्ट लॉकअप झाला होता का, हे टेंटेड नावाच्या, कर्नलच्या बिघाडाच्या खुणा साठवणाऱ्या फाइलमधून कळतं. तिच्यातल्या आकड्यात १६३८४ चा बिट लागलेला असेल, किंवा ट्रेसमध्ये टेंटेड पुढे एल अक्षर असेल, तर या बूटमध्ये एकदा तरी झाला आहे. मग सध्याचा ट्रेस पहिल्या घटनेचा नसून तिच्या परिणामाचा असू शकतो. लॉगमध्ये मागे जा, पहिला इशारा शोधा.

पायरी पाचवी: ट्रेस वाचा

पहिली नजर आरआयपीच्या ओळीवर, म्हणजे कोअर नेमका कुठल्या फंक्शनमध्ये होता. मग खालची साखळी. मी तीन चित्रं ओळखायला शिकलोय.

आरआयपी स्पिन लॉक स्लोपाथमध्ये असेल तर हा कोअर लॉकची वाट बघणारा आहे. साखळीत लगेच खालचं फंक्शन बघा, कुठला लॉक ते तिथे कळेल. मग बाकीच्या कोअरचे ट्रेस चाळा: तोच लॉक घेणाऱ्या कोडच्या आत, पण स्लोपाथमध्ये नसलेला एक कोअर सापडतो. संशयित तो. दहा कोअर रांगेत आणि अकरावा एखाद्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टर बदलायची वाट बघतोय, हे नेहमीचं दृश्य. एकही सापडला नाही तर लॉक न सोडताच कुणीतरी निघून गेलंय किंवा डेडलॉक (एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) आहे. अशा वेळी चाचणीच्या मशीनवर प्रूव्ह लॉकिंग चालू केलेला कर्नल चालवा, लॉकडेप हा त्यातला लॉक-तपासनीस चुकीचा क्रम बोट ठेवून दाखवतो.

‘एसएमपी कॉल फंक्शन’ने सुरू होणारं फंक्शन दिसलं तर हा कोअर दुसऱ्यांना निरोप पाठवून उत्तराची वाट बघतोय. उत्तर न देणारा कोअर इंटरप्ट बंद करून बसलाय. हार्ड लॉकअपचा पहारा चालू असेल तर तोच त्याचं नाव आधी सांगतो. म्हणून दोन्ही पहारे हवेत.

तिसरं चित्र सरळ: आरआयपी एखाद्या ड्रायव्हरच्या किंवा फाइल सिस्टिमच्या लूपमध्ये, आणि पुढच्या प्रत्येक इशाऱ्यात तिथेच, ऑफसेट थोडा इकडेतिकडे. इथे मात्र कंसातला आणि चोर एकच. कर्नल सोर्समधल्या डीकोड स्टॅकट्रेस या स्क्रिप्टला ट्रेस दिलात की ओळ क्रमांकासकट जागा मिळते. साखळीत आयआरक्यू (म्हणजे इंटरप्ट) अशी खूण असेल तर इंटरप्टचा पूर आलाय का तेही बघा. २०२४ पासूनच्या कर्नलांत तशी सोय चालू असेल तर इशाऱ्यासोबत गेल्या काही फेऱ्यांत सीपीयूचा किती वेळ हार्ड आणि सॉफ्ट इंटरप्टांत गेला तेही छापलं जातं.

व्हर्च्युअल मशीनमधले खोटे इशारे

होस्टवर सीपीयूंची ओढाताण असेल, किंवा स्नॅपशॉटसाठी मशीन थोपवून धरलं असेल, तर गेस्टचा कोअर खरोखर चाललेलाच नसतो. पुन्हा जागा झाल्यावर घड्याळ पुढे गेलेलं दिसतं आणि वॉचडॉग भुंकतो. अशा इशाऱ्यांची खूण म्हणजे ट्रेस प्रत्येक वेळी वेगळा, आरआयपी कुठेही, कधी चक्क रिकाम्या कोअरच्या आयडल कोडमध्ये. टॉपमधला स्टील टाइम (होस्टने हिरावलेला वेळ) बघा आणि होस्टच्या बॅकअपच्या वेळा इशाऱ्यांशी जुळवा. तिथे थ्रेश ३० करणं रास्त, पण सॉफ्टलॉकअप पॅनिक ० च ठेवा. नाहीतर रोज रात्री स्नॅपशॉट आणि रोज रात्री रीबूट.

दुरुस्ती, कोड तुमचा असेल तर

लांब लूपमध्ये मधूनमधून ‘कंड रीशेड’ (शेड्युलरला संधी देणारं फंक्शन) बोलवा, अर्थातच स्पिनलॉक हातात नसताना. लॉक धरून लाखो नोंदींवर फिरत असाल तर तुकडे करा: हजार नोंदी, लॉक सोडा, पुन्हा घ्या. हार्डवेअरच्या रजिस्टरची वाट बघताना टाइमआउटशिवाय लूप लिहू नका, कार्ड मेलं की ते बिट कधीच बदलत नाही. ‘टच सॉफ्टलॉकअप वॉचडॉग’ हे फंक्शनही आहे, ते पहाऱ्याला ‘सगळं ठीक’ असं सांगतं. पॅनिकच्या वाटेवर किंवा डीबगरमध्ये ते शोभतं. ड्रायव्हरच्या लूपमध्ये दिसलं तर रिव्ह्यूमध्ये अडवा.

हार्डवेअर वॉचडॉगशी वेळ जुळवा

अख्खं मशीनच गेलं तर कर्नलचा पहारेकरीही त्याच्याबरोबर जातो. त्यासाठी बोर्डावरचा हार्डवेअर वॉचडॉग असतो. सिस्टिमडीच्या (बाकीच्या सर्व्हिस चालवणाऱ्या पहिल्या प्रोसेसच्या) सेटिंगमध्ये ‘रनटाइम वॉचडॉग सेक’ला (हे नाव मात्र सलग, अंडरस्कोरशिवाय, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) वेळ दिलीत की सिस्टिमडी त्याला ठरावीक वेळाने हात लावत राहते, आणि हात लागला नाही की तो सरळ रीसेट मारतो. इथे ३० सेकंद लिहिण्याची चूक मी स्वतः केली आहे. सॉफ्ट लॉकअपची ओळ खरे २४ ते २८ सेकंद झाल्यावर येते, मग पॅनिक, मग डंप लिहिणं सुरू, आणि तेवढ्यात ३० वा सेकंद उजाडतो. हाती उरतो तो अर्धवट डंप. दोन-तीन मिनिटं द्या. आणि केडंपच्या छोट्या कर्नलमध्ये त्या वॉचडॉगचा ड्रायव्हर घातलाय ना ते बघा. पॅनिकनंतरही बोर्डावरचं घड्याळ चालूच असतं, आणि मोठ्या मेमरीचा डंप तीन मिनिटांत संपतोच असं नाही.